तासाला आठ टोपल्या

काम कसं करावं याचं शास्त्र शिकून आलेला देवासमधला पहिला माणूस मी. स्वतः मी काम किती केलं होतं ते कृपा करून विचारू नका. विचारलंत तर तासभर भाषण देईन, कारण तेवढं मात्र मला अहमदाबादला उत्तम शिकवलं होतं.

सन १९५८ची गोष्ट. दहा आठवड्यांचा वर्ग होता, 'कार्यपद्धती-सुधार आणि गुणनियंत्रण, प्रगत अभ्यासक्रम'. एवढं लांबलचक नाव सांगतानाच माझी छाती फुगायची. भैयासाहेबांच्या शेंगदाण्याच्या कारखान्यात मी गोदामावरचा कारकून. नीलकंठाला फाडफाड इंग्रजी येतं असा मालकांचा समज होता, आणि तो दूर करायचं मला काही कारण दिसलं नाही. म्हणून निवड माझी झाली. जाताना पत्र्याची पेटी होती, येताना गळ्यात स्टॉपवॉच होतं.

पहिला प्रयोग घरी केला. अक्का चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मी तीन भाकऱ्यांचे सेकंद मोजले आणि तिला सांगितलं, "अक्का, तुझे तीस टक्के श्रम वाया जातात."

"असं का? मग तीस टक्के भाकरी तू खाऊ नकोस," ती म्हणाली.

अक्का माझी थोरली बहीण, चौदा वर्षांनी मोठी. आमचे वडील धारच्या संस्थानात पागेवर होते. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, आणि वर्षाच्या आत वडीलही गेले. अक्का तेव्हा विधवा होऊन माहेरीच होती. मला घेऊन ती देवासला आली, भैयासाहेबांकडे दाणे निवडायला बसली, आणि दहा वर्षं बसूनच राहिली. माझी फी, माझी पुस्तकं, माझा कोट, सगळं त्या निवडलेल्या दाण्यांतून आलं. हे मी अहमदाबादच्या वर्गात कुणाला सांगितलं नाही. तिथं मी 'धारच्या जुन्या घराण्यातला' होतो. पागाही घराण्याचीच असते, नाही का!

आता काम काय होतं ते सांगतो. फोडलेल्या शेंगांचे दाणे गोणीतून यायचे. त्यांतले नासके, सुरकुतलेले दाणे आणि खडे वीस बायका जमिनीवर बसून काढायच्या. डाव्या हातानं मांडीवरचं सूप धरायचं, उजव्यानं निवडायचं. अक्का सगळ्यांत पुढं, तासाला सहा टोपल्या. बाकीच्यांची पाचावर गाडी अडलेली.

मी हे पाहिलं आणि मला साक्षात्कार झाला. डावा हात काही करतच नाही! नुसतं सूप धरून बसलाय! वर्गातला पहिला धडाच होता, दोन्ही हातांनी एकाच वेळी काम झालं पाहिजे. मी सुताराकडून उतरती टेबलं करून घेतली. वरून दाणे घसरत येतील, बाई बाकावर बसेल, सूप नको, दोन्ही हात मोकळे. या प्रयोगाचा अहवाल करायचा होता. अहमदाबादचे परीक्षक येऊन तो तपासणार, मग प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं की भैयासाहेब मला कायमचा निरीक्षक करणार. मला रात्रंदिवस ती खुर्ची दिसत होती.

बायकांची मुकादम भवानीबाई. तिनं टेबल पाहिलं, मला पाहिलं आणि विचारलं, "क्यों भिया, जल्दी होगा तो आमच्यातल्या किती जणींना घरी बसवणार?"

"एकीलाही नाही! तुळजाभवानीची शपथ!" मी म्हणालो. कारखाना माझ्या तीर्थरूपांचा होता ना, मी शपथा वाटत सुटलो होतो.

"बरं. आता हे सांग, खायची वस्तू डाव्या हातानं निवडायची? हे दाणे कुणाच्या तरी उपासाला जाणार, भिया. पाप कुणाच्या माथी?"

वीसच्या वीस जणी हात बांधून बसल्या. मी त्यांना टक्केवारी सांगितली. फळ्यावर हाताच्या सतरा हालचालींची नावं लिहिली. दोन दिवस एक दाणा हलला नाही. भैयासाहेबांचा निरोप आला की टेबलांचं सरपण छान होईल. माझी तर पाचावर धारण बसली.

तिसऱ्या दिवशी अक्का उठली आणि टेबलाशी जाऊन बसली. "यात काय एवढं? चांगला दाणा उजव्यानं पुढं सरकवायचा, नासका डाव्यानं उचलून टाकायचा. नासक्याला डावाच हात बरा." भवानीबाई आधी हसली, मग सगळ्याच हसल्या आणि बाकांवर येऊन बसल्या. दहा आठवड्यांत मला जे सुचलं नाही ते माझ्या अंगठाबहाद्दर बहिणीला बसल्या जागी सुचलं. मी ते वहीत माझ्या नावावर लिहून घेतलं.

अक्काचा स्वतःचा डावा अंगठा लहानपणी रहाटाच्या दोरात सापडून ताठ झालेला. चिमटीत दाणा धरता यायचा नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असणं निराळं आणि डोक्यात शिरणं निराळं.

महिन्याभरात चमत्कार झाला. सरासरी तासाला आठ टोपल्या! निवडून झालेल्या शंभर दाण्यांत पूर्वी सात नासके राहायचे, आता दोन. शिवाय कामाचा हिशेब सगळ्यांना दिसावा, कुणी लबाडी करू नये, म्हणून मी भिंतीला मोठा काळा फळा लावला होता. प्रत्येकीची एक ओळ, तिच्यापुढं दर टोपलीला खडूची एक रेघ. बायकांना अक्षरं येत नसली तरी रेघा येत होत्या. मी त्या फळ्यापुढून दिवसातून दहा वेळा उगाच फिरायचो.

परीक्षक सोमवारी येणार होते. आदल्या शुक्रवारी भैयासाहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं, शाबासकी. शाबासकी होतीच.

"नीलकंठराव, नाव काढलंत! म्हणजे आता पूर्वीपेक्षा जास्त काम सोळा जणींत होईल. चौघींची नावं द्या. तुमच्याकडे आकडे आहेतच, सगळ्यांत मागच्या चार. उद्या सांगून टाकू."

"पण मी त्यांना शब्द दिलाय," मी म्हणालो.

"तुम्ही? कुणाच्या वतीनं?" त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

गोदामात येऊन मी, फळ्यावरचे आकडे रोज ज्यात उतरवायचो तो तक्ता उघडला. सगळ्यांत खालचं नाव अक्काचं होतं. तासाला पाच. सुपावर सगळ्यांच्या पुढं असणारी माझी बहीण माझ्या टेबलावर शेवटची आली होती, आणि महिनाभर रोज मी तो आकडा स्वतःच्या हातानं लिहीत होतो. सरासरी पाहण्यात इतका दंग होतो की कोणाचा पाच आहे ते मी वाचलंच नव्हतं.  

मालकांकडे परत जाऊन भांडता आलं असतं. 'नावं देत नाही, काय करायचं ते करा' असं म्हणता आलं असतं. पण ती खुर्ची! मग प्रगत अभ्यासक्रमाच्या या पदवीधरानं काय केलं? तक्ता नवा लिहिला. अक्कापुढं पाचाचे आठ केले. त्यामुळं खालून चौथी आली रुक्मिणी, सात टोपल्यांची. तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, हे साऱ्या कारखान्याला माहीत होतं. मलाही होतं. कागद मालकांच्या हातात देण्याआधी मी खाली झोकदार सहीसुद्धा केली, हे आज सांगताना लाज वाटते.

शनिवारी दुपारी भैयासाहेब कधी नव्हे ते निवडायच्या खोलीत आले आणि माझ्या कागदावरून चार नावं वाचली. पहिल्या तिघी डोळे पुसायला लागल्या. चौथं नाव ऐकल्यावर रुक्मिणी रडलीसुद्धा नाही, नुसती टेबलाकडं बघत राहिली. भवानीबाईनं माझ्याकडं पाहिलं. "शपथ कोणाची घेतली होतीस, भिया?" एवढंच विचारलं.

तेवढ्यात अक्का उठली. मला वाटलं, रुक्मिणीला जवळ घ्यायला निघाली. ती गेली फळ्याकडं. रुक्मिणीच्या सकाळच्या पहिल्या तासाच्या रेघांवर बोट ठेवून तिनं मोठ्यानं मोजलं. सात. मग स्वतःच्या रेघांवर. एक, दोन, तीन, चार, पाच. पुढच्या तासाच्या. पुन्हा पाच.

"मालक, आमच्या नीळूची उतरवून घेताना चूक झालीय," ती म्हणाली. "मागची मी आहे. रुक्मिणी नाही."

लबाडी होऊ नये म्हणून लावलेल्या त्या फळ्यावर पहिली लबाडी माझीच सापडली. भैयासाहेब फळ्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. "चूक का?" त्यांनी विचारलं. मी होय म्हणून मान हलवली. रुक्मिणी राहिली. अक्का सूप काखेत मारून निघून गेली. बाकीच्या तिघी गेल्याच. त्यांच्यासाठी कुणी उठलं नाही, मी तर नाहीच.

रविवारभर अक्का घरात माझ्याशी बोलली नाही. वाढायची, ताट उचलायची. मी स्वतःला शिव्या घातल्या, तिचे पाय धरावेत असं शंभरदा वाटलं, आणि एकदाही धरले नाहीत.

सोमवारी परीक्षक आले. मोठे सज्जन गृहस्थ. टेबलं पाहिली, दाणे मोजले, माझी पाठ थोपटली. मग विचारलं, "नासका डाव्यानं आणि चांगला उजव्यानं, ही युक्ती कोणाची? अगदी नामी आहे!"

या वेळी मात्र खोटं बोलवेना. "माझ्या बहिणीची. ती इथंच कामाला होती," मी सांगितलं.

"होती? आता कुठं असते?"

"कामावरून कमी झाली. तासाला पाचच टोपल्या व्हायच्या."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला पहिला वर्ग दिला.

संध्याकाळी घरी आलो. हातात पेढ्यांचा पुडा होता; तो का आणला ते मलाही कळलं नव्हतं. अक्का लुगडी घडी करून पेटीत भरत होती. मी दारातच उभा राहून रडायला लागलो. पंचवीस वर्षांचा घोडा, हुंदके देऊन रडलो. "अक्का, मला मार. पण मी तुझ्यासाठीच केलं गं."

तेव्हा ती दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"मला काढायची वेळ आली, त्याचा राग नाही, नीळू. पाच ते पाचच. पण तू मला रुक्मिणीच्या ताटावर जेवायला बसवत होतास. आणि मला न विचारता."

 तिनं पेटीची कडी लावली आणि डोळे पुसायला मला पदराचं टोक दिलं.

"उद्या सकाळच्या मोटारीनं मी जाते," ती म्हणाली. "धारच्या एका व्यापाऱ्याकडं बाया हव्यात म्हणे. तिथं अजून सुपातच निवडतात, एका हातानं."

"इथंच राहा ना. आता माझी कायमची नोकरी आहे."

"नको रे. मला अजून काम येतं," अक्का म्हणाली. "आणि धारला अजून कुणी शिकून आलेलं नाही."