बावन्न गुणांचा माणूस

"सर, घोटा सुजायला लागलाय त्याचा," संघाची फिजिओ प्रशिक्षकाच्या कानाशी येऊन म्हणाली. "मघाशी पट्टी घट्ट केली मी, पण उडी मारून खाली येताना डावा पाय नीट टेकत नाहीये तो."

त्याने गुणफलकाकडे पाहिलं. पाच मिनिटं शिल्लक होती आणि संघ एकतीस गुणांनी पुढे होता. एवढी आघाडी असली की मुख्य खेळाडूंना बाहेर बसवायचं, राखीव पोरांना पाय मोकळे करू द्यायचे आणि हरणाऱ्याला आणखी लाजवायचं नाही, हा बास्केटबॉलमधला न लिहिलेला शिरस्ता. त्याने चौघांना केव्हाच बाहेर घेतलं होतं. पाचवा अजून आत होता. त्या पाचव्याच्या नावावर पन्नास गुण लागले होते, आणि क्लबचा एका सामन्यातला विक्रम होता बावन्नचा.

तो विक्रम खुद्द प्रशिक्षकाचाच होता. सगळी पंचाईत तिथेच होती.

चौदा वर्षं तो या क्लबसाठी पगारावर खेळला. वाईट नव्हता, पण नाव घ्यावं असाही नव्हता. देशाच्या संघात कधी गेला नाही. पेपरात फोटो आला तोही दुसऱ्याच्या फोटोत अर्धा खांदा. मात्र सव्विसाव्या वर्षी एका संध्याकाळी त्याने एकट्याने बावन्न गुण केले, आणि गावाने त्याचं बारसंच केलं पुन्हा. भाजीवाली, पोस्टातला कारकून, गॅरेजवाला, सगळे त्याला बावन्नच म्हणतात. शाळेत नव्या बाईंनी मुलीला विचारलं, "तू बावन्नची ना गं?" आणि पोरगी खुशाल हो म्हणाली. माणसाला आयुष्यात एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं, असं त्याचं स्वतःचंही मत होतं.

पुढे गुडघे बोलू लागले, खेळणं सुटलं. सहा वर्षं तो मदतनीस म्हणून टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या मोजत बसला आणि चार महिन्यांपूर्वी मुख्य प्रशिक्षक झाला. खेळाडू होता तेव्हा स्वतःचा घाम गाळला की काम संपायचं. आता बारा जणांच्या रुसव्याफुगव्यांचा तो धनी होता. त्या बारांतला सगळ्यात गुणी आणि सगळ्यात तोंडाळ म्हणजे हा पाचवा, बुटक्या. सहा फूट एक इंच उंचीच्या माणसाला बुटक्या म्हणतात अशी दुसरी जागा जगात नसेल. वय बावीस. त्याला बाकीच्या क्लबांनी नाकारलं होतं, यानेच हट्टाने आणला होता.

"बुटक्या, बुटक्या," लोक बाकं बडवत होते. एक बास्केट म्हणजे दोन गुण, बरोबरी. दुसरी बास्केट, की खेळ खलास.

राहू दे आत, त्याने स्वतःला सांगितलं. पाच मिनिटांत काय आभाळ कोसळणारे? तेवढ्यात बुटक्याने उडी मारून चेंडू अडवला, खाली आला आणि त्याच्या तोंडाची रेष वाकडी झाली. फक्त क्षणभर. पण ज्याने स्वतःचे दोन गुडघे या लाकडी जमिनीला वाहिले होते, त्याला ती रेष न दिसती तर नवल. तो उठला आणि त्याने बदली खेळाडू पाठवला.

वरच्या रांगांतून हुर्यो सुरू झाली. "अरे ए बावन्न, पोरावर जळतोस काय रे?" बुटक्या त्याच्या समोरून गेला, थांबला नाही, कोणाच्या हातावर टाळी दिली नाही, सरळ कपडे बदलायच्या खोलीत निघून गेला. आणि त्याच वेळी, ऐन हुर्योत, प्रशिक्षकाच्या छातीतलं ओझं अलगद उतरलं. चक्क हायसं वाटलं त्याला. कशाबद्दल, हे कळायला त्याला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली.

सामना जिंकून बाहेर आला तर दारात वडील उभे. आप्पा तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. मुलाचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता, आणि बावन्नची गोष्ट सांगायची एकही संधी चुकवली नव्हती.

"बरं केलंस," आप्पा हळूच म्हणाले. "पन्नासवर दाबलास त्याला. हातातलं उगाच कशाला सोडायचं?"

"आप्पा, पाय सुजला होता त्याचा."

"हो हो. तेच सांगायचं सगळ्यांना." आप्पांनी डोळा मारला आणि त्याची पाठ थोपटली.

लोकांच्या शिव्या त्याने वरच्या वर झटकल्या होत्या. ही शाबासकी मात्र त्याच्या जिव्हारी लागली.

घरी बायको इस्त्री करत होती. ती औषधाच्या दुकानात काम करते आणि माणसाचं तोंड पाहून दुखणं ओळखते. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"पायासाठीच काढलंस ना?"

"हो."

"मग असा का दिसतोयस, एरंडेल प्यायल्यासारखा?"

तो खुर्चीत बसला. "काढल्यावर बरं वाटलं मला. माझा आकडा वाचला म्हणून. अगदी आतून बरं वाटलं बघ."

तिने शर्टाची कॉलर उलटी केली, दाबली, पुन्हा सुलटी केली. "हे मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी काही तुझ्या संघात खेळत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. साधी मुरगळ. हाड शाबूत, शीर शाबूत. "खेळला असता तरी चाललं असतं तसं," डॉक्टर सहज म्हणाले. संपलं. उरलासुरला आडोसाही गेला.

तो सरावाला अर्धा तास आधी पोचला. बुटक्या बाकावर बसून घोट्याला पट्टी गुंडाळत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"डॉक्टर काय म्हणाले कळलं ना सर?"

"कळलं. साधी मुरगळ आहे."

"मग?"

"मग काही नाही. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. उद्या पुन्हा तुझा पाय तसा पडला, तर पुन्हा बाहेर घेईन." तो शेजारी बसला. त्याच्याकडे पाहत बोलणं जमेना, म्हणून समोरच्या भिंतीशी बोलू लागला. "पण आणखी एक आहे. तू आत निघून गेलास ना, तेव्हा मला हायसं वाटलं. माझा आकडा राहिला म्हणून. ते पोटात ठेवून मी तुला शिकवायला उभा राहू शकत नाही. म्हणून सांगतोय."

"म्हणजे लोक म्हणतात ते खरं."

"अर्धं खरं."

"अर्ध्याचं मी काय करू सर?"

बुटक्याने पट्टीचं टोक खोचलं, मोजा वर ओढला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही बावन्न केलेत, तेव्हा आघाडी किती होती?"

पंधरा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"चौतीस," तो म्हणाला.

"आणि वेळ?"

"सहा मिनिटं होती तेव्हा माझे चाळीस झाले होते. आमच्या सरांनी मला काढलं नाही. लोक ओरडत होते, सरांनाही मजा वाटत होती. समोरच्यांनी हात टेकले होते रे. शेवटी शेवटी माझ्यासमोर कोणी धड उभंही राहत नव्हतं. मी आपला टाकत गेलो."

"म्हणजे खरे चाळीसच."

"चाळीसच."

बुटक्या रागावलाय की विचार करतोय, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. मग उठून त्याने दोनदा पाय आपटून पाहिला.

"किती धावायचं आज?" त्याने विचारलं.

"तू नाही धावायचं. तू बसून बास्केट टाक."

"बरं," बुटक्या म्हणाला आणि चेंडू आणायला गेला.

गोड झालं असं काही नाही. पुढचे आठ-दहा दिवस तो कामापुरतंच बोलायचा. पण सांगितलेलं मुकाट करायचा, बोलावलं की बाहेर यायचा, आणि त्याचं पाहून बाकीचे अकराही यायचे. संघ लीगमध्ये तिसरा आला. कोणाला एवढी अपेक्षा नव्हती. बुटक्या मात्र पन्नासच्या आसपास पुन्हा फिरकला नाही. सदतीस, एकदा, बस्स. तशी संध्याकाळ माणसाच्या वाट्याला रोज येत नाही. हंगाम संपल्यावर दुसऱ्या शहरातल्या मोठ्या क्लबने त्याला नेलं. निरोप घ्यायला आला तेव्हा हात हातात घेऊन म्हणाला, "मोडला असता सर मी."

"मोडला असतास," तो म्हणाला. हे म्हणायला त्याला अजिबात जड गेलं नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

जड गेलं ते आप्पांना सांगायला. एका सकाळी शेजाऱ्यांपुढे बावन्नची गोष्ट रंगात आली होती तेव्हा तो मध्येच बोलला, "आप्पा, चौतीसने पुढे होतो आपण तेव्हा. तेही सांगा की." आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग दोन दिवस त्यांनी मुलाशी अबोला धरला. त्या सामन्याला ते होतेच की हजर. त्यांना काय ठाऊक नव्हतं?

पंधरा दिवसांनी तो आप्पांना केस कापायला घेऊन गेला. दुकान नवीन होतं, न्हावीही गावात नवा. तो आप्पांच्या गळ्याभोवती कापड बांधत होता आणि आरशातून पाठीमागे बाकावर बसलेल्या उंच माणसाला न्याहाळत होता.

"मुलगा का तुमचा? भलतेच उंच आहेत."

"बास्केटबॉल खेळायचा," आप्पा म्हणाले. "एका सामन्यात एकट्याने बावन्न गुण केलेत याने."

"काय सांगता."

प्रशिक्षकाने पेपर तोंडापुढे धरला. आता लोकांनी डोक्यावर घेतल्याचा भाग येणार, मग कप, मग पेढी बंद करून आलेला वाणी. सगळं त्याला पाठ होतं.

कात्री दोनचार वेळा कानामागे वाजली.

"तेव्हा आम्ही चौतीसने पुढे होतो," आप्पा म्हणाले. "खरं तर बाहेर घ्यायला हवं होतं याला. घेतलं नाही. मग यंदा एक पोरगा होता, याच्याच हाताखालचा. पन्नासवर आला होता आणि पाच मिनिटं बाकी होती. चांगला खेळायचा हो. मोडलाच असता त्याने. याने बाहेर घेतला त्याला."

"ते का?" न्हाव्याने विचारलं.

"पाय दुखत होता पोराचा," आप्पा म्हणाले, आणि मागचे केस कापून घ्यायला त्यांनी मान खाली घातली.