लाल डबी

मिस्त्रींनी दाढीचा जुना ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवला आणि गाडीच्या पोटाखाली, तांब्याच्या नळीच्या जोडावर तिसऱ्यांदा फेस चोपडला. मग ते श्वास रोखून बघत राहिले. जोडातून गॅस झिरपत असेल तर फेसाला बुडबुडा येतो. टाचणीच्या डोक्याएवढा का होईना, एक तरी यावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

फेस नुसताच ओघळून गेला. नटावरची पिवळी रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ दिसू लागली.

"मामा, काही गडबड आहे का?" जावयानं वाकून विचारलं.

"गडबड कशी असेल? तुमच्या हातचं काम आहे," मिस्त्री म्हणाले. जावयाला अहो-जाहो करावं लागतं याचाही त्यांना अलीकडे राग येई. धड एक शिवी हासडायची सोय उरली नव्हती.

पेट्रोलच्या गाड्यांना गॅसची टाकी बसवण्याचं काम ते बावीस वर्षं करत होते. दोन वर्षांपूर्वी जावई गॅरेजात आला, तेव्हा त्यांनीच नियम घातला होता. ज्यानं नट आवळला, त्यानं त्यावर रंगाची रेघ ओढायची, अर्धी नटावर आणि अर्धी जोडावर. नट हलला की रेघ तुटते, आणि काम कुणाचं तेही कळतं. मिस्त्रींचा रंग लाल, जावयाचा पिवळा.

नियम घालताना पिवळ्याची मागणी वाढेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. जावई गाडीला लॅपटॉप जोडून बसे, काहीतरी आकडे हलवी, आणि गिऱ्हाईक परत येऊन सांगे, "पेट्रोलवरून गॅसवर कधी गेली, कळलंसुद्धा नाही हो!" मिस्त्रींच्या गाड्या गॅसवर जाताना एक उचकी देत. वीस वर्षं त्या उचकीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. उलट, गॅस लागला म्हणून लोक खूश व्हायचे. जावयाकडे ठरलेल्या जोराला 'टक्' वाजणारा पाना होता. "हाताला कळलं पाहिजे, पान्याला कळून काय उपयोग?" असं मिस्त्री म्हणत. पूर्वी यावर लोक हसायचे.

दुपारी मुलगी दोन डबे घेऊन आली. तिनं आधी नवऱ्याचा उघडला. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि हात पुसायला उगाच जास्त वेळ लावला.

"बाबा, तुम्ही तरी सांगा यांना. सकाळी चहासुद्धा न घेता पळतात इकडे."

"मी काय सांगणार? त्यांना सगळंच येतं."

मुलीनं एकदा बापाकडे पाहिलं. जावई मान खाली घालून जेवत होता. "इंजिन थंड असताना जोड तपासायला बरं पडतं," तो म्हणाला.

घास मिस्त्रींच्या तोंडात नुसताच फिरत राहिला. लवकर येऊन मालकी दाखवायची, दुसरं काय? शटरची दुसरी किल्ली दिली हीच चूक झाली, असं त्यांना वाटलं.

अजून एक माणूस मात्र त्यांचा होता. लंबू टॅक्सीवाला. गाडीत बसताना तो छत्रीसारखा मिटायचा. यंदा नवी टॅक्सी घेतल्यावर त्यानं भर गॅरेजात सांगितलं होतं, "आपल्याला लालच पाहिजे. उचकीसकट!" त्या दिवशी मिस्त्री घरी जाताना शीळ घालत होते.

लंबू चारला यायचा होता. त्याआधी मिस्त्री टॅक्सीपाशी गेले. खरं तर काम कालच झालं होतं. पण मनाला जरा बरं वाटावं म्हणून त्यांनी डिकी उघडली आणि टाकीजवळच्या जोडावरून बोट फिरवलं.

बोट लाल झालं.

काल दुपारी ओढलेली रेघ एव्हाना खडखडीत वाळायला हवी होती. त्यांनी टॉर्च आणला, चष्मा वर-खाली केला. ओल्या रेघेशेजारी पुसून काढलेल्या जुन्या रेघेचा माग दिसत होता. त्याचे दोन तुकडे एकमेकांना मिळत नव्हते. नट गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकला होता. कुणीतरी तो पुन्हा आवळला होता.

त्यांनी सातही जोड पाहिले. तीन जोडांवर रेघ अशीच ओली होती.

मिस्त्री डिकीच्या काठावर टेकले. उजवं मनगट गेल्या हिवाळ्यापासून दुखत होतं. हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. समोर फळीवर त्यांची लाल डबी होती. वर्षभर पुरणारी डबी हल्ली चार महिन्यांत तळाला जाई, आणि ते झाकणाला दोष देत. एकट्यानं एवढी वापरली नव्हतीच.

आधी त्यांना संताप आला. मग लाज वाटली. आणि मग पुन्हा तोच जुना जळफळाट वर आला, आधीपेक्षा मोठा. कामात पुढे गेला ते गेला, आता चांगुलपणातही हा पुढे! त्यात बुडबुडा शोधायला गेलं तरी सापडणार नव्हता.

लंबू आला, गुडघ्यांवर बसला आणि टॉर्चच्या उजेडात एकेक जोड पाहून खूश झाला.

"सगळं लाल! झालं तर मग. त्या टकटक पान्यावर आपला विश्वास नाही, मिस्त्री. माणसाचा हात तो माणसाचा हात."

जावई पलीकडे लॅपटॉपची वायर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही. एकदा गुंडाळलेली वायर त्यानं सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

मिस्त्रींनी "हो" म्हटलं असतं तर काम संपलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमची पिवळी डबी द्या जरा."

जावई डबी घेऊन आला. मिस्त्रींनी चिंधीनं तीन जोडांवरचा ओला लाल रंग पुसला आणि त्या जागी पिवळ्या रेघा ओढल्या. दुखऱ्या मनगटामुळे त्या वाकड्या आल्या. लंबूचा चेहरा उतरला.

"हे काय, मिस्त्री? पिवळी कशाला?"

"नट यांनी आवळलेत. माझे सैल राहिले होते."

लंबूनं किल्ली घेतली, गाडीत मिटून बसला आणि निघाला. वळणापाशी टॅक्सीनं गॅस घेतला. उचकी ऐकू आली नाही.

जावई अजून डबी हातात धरून उभा होता.

"मामा, लाल राहू द्यायची होती," तो हळूच म्हणाला.

मिस्त्री बोटांवरचा रंग रॉकेलनं पुसत होते.

"नको," ते म्हणाले. "डबी फार लवकर संपते."