भाऊंचे बूट

उदगीरच्या मैदानावर त्या दुपारी मुंगीला शिरायला वाट नव्हती. ब्रदर आनंदराज, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, यांचा पहिला स्मृतिदिन. दोन्ही बाजूंना भोंगे आणि व्यासपीठाच्या मधोमध गादीवर ठेवलेले काळे बूट, झेंडूचा हार घातलेले! हेच बूट घालून भाऊ कंधारपासून औशापर्यंत गावोगाव प्रवचनं देत फिरले म्हणे. लोक चपला खाली काढून वर चढत होते आणि बुटांवर डोकं टेकत होते. जन्मभर ‘वस्तूपुढं वाकू नका’ सांगणाऱ्या माणसाच्या बुटांच्या पादुका झाल्या होत्या, आणि रांगेत हिंदू-ख्रिस्ती असा भेद नव्हता. भोळेपणात आपल्याकडे सर्वधर्मसमभाव पक्का आहे.

भाऊंचा पट्टशिष्य शरदचंद्र भोंग्यावरून गर्जत होता, “आखूड पाय, वाकडा पाय, दुखता पाय, या! बूट भाऊंचे, ताकद वरच्याची!” त्यानं एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं, पायांत ते बूट चढवले आणि दोन्ही टाचा धरून पाय उचलले. डावा पाय चांगला दोन बोटं आखूड दिसत होता. “वाढ! वाढ म्हणतो ना!” आणि पाय खरोखर बरोबरीला आला. “हालेलुया!” अख्खं मैदान उठून उभं राहिलं.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझी जुनी विद्यार्थिनी दीपमाला मला ओढत इथं घेऊन आली होती. तिची दीड वर्षांची लेक जन्मली तीच पाऊल आत वळलेलं घेऊन. लातूरच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला प्लास्टर बदलून ते सरळ केलं होतं. आता चार वर्षांची होईपर्यंत रोज झोपताना तिला आडव्या पट्टीनं एकमेकांना जोडलेले छोटे बूट घालायचे होते. मधेच सोडले तर पाऊल पुन्हा वळणार, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि दीपमालाची सासू कस्तुराबाई नातीला कडेवर घेऊन, ते बूट पिशवीत घालून रांगेत उभी होती. व्यासपीठाच्या कोपऱ्यात कुबड्या, कमरेचे पट्टे, गोळ्यांच्या डब्या असा ढीग साचला होता. ज्याचा विश्वास आहे त्यानं आपला आधार तिथं टाकायचा, आणि संध्याकाळी त्या ढिगाला काडी लावणार होते.

“आत्या, नका वो टाकू,” दीपमाला रडवेली झाली होती.

“गप बस. तुझ्या सासऱ्याची दारू कुणी सोडवली? डाक्टरनं?”

इथंच सगळं अडत होतं. पंधरा वर्षांपूर्वी भाऊंनी कस्तुराबाईचा नवरा श्रीमंतराव याचा पाय, त्याचेच ढिले बूट पायांत ठेवून, असाच ‘वाढवला’, आणि त्याच दिवसापासून त्यानं बाटलीला हात लावला नाही. घर सावरलं. हे खरंच होतं. भाऊंनी कितीतरी पोरींना शाळेत घातलं, हेही खरं होतं. मला ते ठाऊक होतं, म्हणून माझी जीभ रेटत नव्हती. पण कस्तुराबाईनं ते इवलेसे बूट ढिगावर टाकले आणि मला राहवेना. मी चपला काढून वर चढले.

“इथं सगळे अनवाणी,” मी म्हणाले. “मग ज्याचा पाय बघायचा, नेमके त्यालाच बूट कशाला?”

शरदचंद्र गोड हसला. “भगिनी, शंका म्हणजे सैतानाचा दरवाजा.”

“असेल. पण बूट काढून पाय वाढवून दाखवा.”

मैदान खवळलं. श्रीमंतराव तर धावतच वर आला. “बाई, खाली उतरा! भाऊंनी माझी जिंदगी वाचिवली. मेल्या माणसाची बदनामी करायलाव तुम्ही!”

“मग तुम्हीच बसा खुर्चीत. मी खोटी ठरले तर सगळ्यांपुढं माफी मागते.”

तो तणतणत बसला. मी त्याचे अनवाणी पाय उचलले. टाचेला टाच बरोबर.

“बघा!” शरदचंद्र ओरडला. “भाऊंनी वाढवलेला पाय अजून तसाच आहे!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आता बूट घाला,” मी म्हणाले. भाऊ सहा फुटी गडी. श्रीमंतरावच्या पायांत ते बूट खुळखुळत होते. मी टाचा धरून पाय उचलले, तर डावा दोन बोटं आखूड! टाळ्या थांबल्या. मी हात किंचित हलवले आणि पाय सारखे झाले. मी प्रार्थना केली नव्हती की ओरडले नव्हते.

“उजवा बूट मी टाचेपासून जरा बाहेर ओढला, म्हणून डावा पाय आखूड दिसला,” मी पुन्हा ओढून दाखवलं. “तुमचे डोळे डाव्यावर होते, तेवढ्यात उजवा बूट आत ढकलला. पाय वाढला नाही, बूट मागं गेला.”

“अविश्वासी हातांनी...” शरदचंद्र सुरू झाला.

“मंग तुमच्या हातानं करा की, बिनबुटाचं!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. शरदचंद्र पाण्याची बाटली शोधू लागला.

श्रीमंतराव खुर्चीतून हलला नाही. मला त्याच्याकडं बघवेना. “म्हंजे भाऊंनी मला बी फसिवलं?”

“पायाच्या बाबतीत, हो.”

“आन् दारू?”

“दारू तुम्ही सोडली. भाऊंनी धीर दिला, त्याचं श्रेय त्यांना. पण पंधरा वर्षं रोज गुत्त्यावरून सरळ घरी कोण गेलं? हे बूट तर तेव्हा भाऊंच्या पायांत होते.”

 त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. ढिगाजवळ जाऊन नातीचे बूट हुडकून उपरण्यानं पुसले आणि बायकोपुढं धरले.

“घाल पोरीला.”

“आन् भाऊंचं काय मग?” कस्तुराबाईनं बूट हातात घेत विचारलं.

“त्येंनी पोरी शाळेत घातल्या, ते धरू. ह्ये सोडू.”

तिनं तिथंच मांडी घालून पट्टे आवळले. पोरीनं भोकाड पसरलं.

भाऊ संत की भोंदू, यावर उदगीरच्या चहाच्या टपऱ्यांवर अजून भांडणं होतात. होऊ द्या. एकाच माणसानं चांगलं केलं आणि फसवलंही, असं असू शकतं. चांगल्याबद्दल हात जोडावेत, पण जोडलेल्या हातांनी डोळे झाकू नयेत. तुमच्याही घरातली गोळी, कुबडी, पट्टा कुणी ढिगावर टाकायला सांगितला, तर त्याला आधी एवढंच म्हणा: बूट काढून दाखव.