पालथी वाटी

मी रेवताबाईची पितळी वाटी बोलतेय. आवाज दबका येईल, कारण मी चुलीजवळ पालथी पडलेय, आणि खरं सांगायचं तर मला तोंड दाखवायची लाज वाटते.

भंडाऱ्यात हातोडीचा मार खात मी घडले आणि रेवताबाईच्या लग्नात आंदण म्हणून आले. धरणात गाव बुडालं तेव्हा तिने मला पदरात बांधून या नव्या वस्तीत आणलं. तिच्या लेकाचा, खेमराजचा पहिला भात माझ्यातलाच. पोट भरलं की तो तोंड फिरवायचा. शेजारणी म्हणायच्या, अजून एक घास दे. ती मला लगेच खाली ठेवायची. "पोट त्याचं हाय, मले कायले सांगता?"

आता तीच खाटेवर पडलीय. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी खेमराजला स्पष्ट सांगितलं होतं, "त्यांचं गिळणं बंद झालंय. घास छातीत जाईल. नाकातून नळी घातली तरी आता बळ येणार नाही, त्रासच होईल. ओठ ओले ठेवा, जवळ बसा." खेमराजला ते पटलं. तो मायला घरी घेऊन आला.

पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा आधी विचारतो, काय खाल्लं? बाया तिच्या आवडीचं काहीबाही रांधून आणतात, आणि ते त्यांच्यासमोर भरवावं लागतं. शेजारच्या सोमाजीची बायको मासोळीचा रस्सा घेऊन आली.

"काहून रे खेमराज, मायले उपाशी ठेवून राहिला का?"

चार माणसं बसली होती. खेमराजचा चेहरा पडला. त्याने रस्सा माझ्यात ओतला आणि मला मायच्या ओठांशी नेलं. रेवताबाईने तोंड फिरवलं. त्याने हनुवटी धरून ते वळवलं आणि माझी कड तिच्या ओठांत घातली.

तिला ठसका लागला. रस्सा नाकातून आला, छाती घरघरायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहिलं. "चला, पोटात काही तरी गेलं," म्हणत मंडळी उठली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

खाटेच्या पायथ्याशी रेवताबाईचा नवरा बाबुलाल बसला होता. तो हळूच म्हणाला, "तू तोंड फिरवे तवा तुही माय वाटी खाली ठेवे. तिनं फिरवलं तं तुले दिसलं नाही का?"

खेमराजने मला पालथं घातलं आणि मायचे पाय धरून रडला. "माये, लोकाईच्या लाजेनं केलं वं."

आज सकाळी पुन्हा कुणीतरी विचारलं. त्याची मान वर झाली नाही, पण तो म्हणाला, "काही नाही खाल्लं. तिले नको हाय." पाहुणे चहा न घेता कुजबुजत गेले. लाजेने लाल झालेला खेमराज ओल्या फडक्याने मायचे ओठ पुसत बसला. तिने तोंड फिरवलं नाही.

तुम्हीही कधी कुणाला असं भेटायला जाल. त्या घरात चुलीजवळ एखादी वाटी पालथी दिसली, तर कृपा करून तिला सुलटी करू नका.