निघालो त्या खुंटीवर

मित्रांनो, ज्या खणात मला ठेवले आहे त्यात एक कात्रीही आहे. त्यामुळे आज माझा काटा उत्तरेकडे नाही, कात्रीकडे वळलेला आहे. मी एक जुने होकायंत्र आहे. माझ्या मालकाला मी आयुष्यात एकदाच चुकीची दिशा दाखवली. त्याबद्दल मला कुणी विचारले नाही, पण मला सांगायचे आहे.

माझी डबी पितळेची आहे. पोलादाची पातळ पट्टी कापून माझा काटा केला, त्यात चुंबकत्व भरले आणि एका टोकदार खिळीवर तो बसवला, तेव्हा तो एका अंगाला झुकला. कारखान्यातल्या एका बाईने एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिले, दुसऱ्या टोकाला केसाएवढी पितळी तार गुंडाळली आणि ती सुईने सरकवत सरकवत मला सपाट केले. ती तार अजून जागच्या जागी आहे.

मग मी एका मोजणीदाराच्या हाती आले. माझ्या मालकाचे काम जमिनी मोजण्याचे. एक खुंटी ठोकायची, तिथून निघायचे, मला उघडून दिशा वाचायची, साखळीने अंतर मोजायचे, पुढची खुंटी ठोकायची. असे फिरत फिरत पहिल्या खुंटीशी परत यायचे. कागदावर शेवटची रेघ पहिल्या टिंबाला येऊन मिळाली की मोजणी बंद झाली, म्हणजेच खरी ठरली. नाही मिळाली, तर कुठेतरी चूक आहे आणि ती सापडेपर्यंत जेवण नाही.

लोखंड जवळ असले की माझा काटा बहकतो. हे त्याला इतके पक्के ठाऊक होते की मला उघडण्यापूर्वी तो कमरेचा पट्टा सोडून, गुंडाळून, चार पावले दूर नेऊन ठेवत असे. पट्ट्याचे बक्कल लोखंडी होते. बरोबरची माणसे म्हणत, साहेबांची मोजणी बरोबर येते, पण विजार खाली येते. तोही हसे आणि एका हाताने विजार धरून दुसऱ्या हाताने मला वाचत राही. एकतीस वर्षे आम्ही असे काम केले. पुढे आकाशातून जागा सांगणारी यंत्रे आली आणि कार्यालयातली सगळी होकायंत्रे भंगाराच्या पेटीत गेली. निवृत्तीच्या दिवशी त्याने मला त्या पेटीतून उचलून खिशात घातले. मला तेव्हा वाटले होते, आता आपण दोघे आराम करणार.

नंतर त्याची आठवण झिजू लागली. आधी माणसांची नावे गेली, मग वार, मग जेवलो की नाही ते. मुलगी त्याला आपल्या घरी घेऊन आली. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. खिडकीखाली चार पदरी रस्ता, पलीकडे टायरची दुकाने, चालायला कडेला जागाच नाही. म्हातारा दोनदा एकटाच बाहेर पडला. पहिल्यांदा वॉचमनने फाटकाशी अडवले. दुसऱ्यांदा तो बस डेपोत सापडला, तेव्हा अंधार पडला होता.

त्या दिवशी मुलगी रडली नाही. हात धुतले, पुसले आणि स्वतःच्या मुलीला म्हणाली, "आता एकदा जरी गेले ना, तर मला त्यांना देखभाल केंद्रात ठेवावं लागेल. नोकरी सोडून मी दारात बसू शकत नाही. आणि तिथे ते महिनाभरही काढणार नाहीत, हे मला माहीत आहे."

नात अकरावीत होती. त्या दिवसापासून कॉलेजातून आली की आजोबांना सांभाळायचे काम तिच्याकडे आले. दाराला कुलूप, किल्ली तिच्या गळ्यात.

या मुलीला ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिकांचा नाद होता. दर तीन महिन्यांनी नव्या मालिका सुरू होत आणि ती कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवे, कोणत्या वारी कोणती. पण ती गोष्ट पाहून मालिका निवडत नसे, शहर पाहून निवडे. विजेच्या तारांची जाळी, चढावरची घरे, ओल्या रस्त्यात पडलेला दुकानाचा दिवा, ट्रामचे रूळ. आई टोमणा मारी, "गोष्ट काय आहे विचारलं तर सांगता येत नाही, आणि गल्लीतले खांब मात्र पाठ."

मला वाटते, कारण साधे होते. त्या शहरांतून तिच्याच वयाची मुलगी पाठीला पिशवी लावून एकटी चालत जाते. पुलावर थांबते, पाव विकत घेते, संध्याकाळ झाली तरी चालतच असते, आणि घरी पोचते. कुठे आहेस म्हणून कुणी फोन करत नाही. खिडकीखालच्या रस्त्यावर ही मुलगी कधी एकटी चालली नव्हती. म्हाताऱ्यालाही आता कुणी एकटे चालू देत नव्हते.

अशात एक नवी मालिका आली. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या दुकानातली एक मुलगी, दुरुस्त झालेली घड्याळे घरोघरी पोचवते. डोंगरावर वसलेले बंदर, खाली नदी, तिच्यावर दोन दिव्यांचा पूल. नात बघत होती, म्हातारा शेजारी खुर्चीत. तो एकदम पुढे झुकला.

"थांबव," तो म्हणाला. "सावली कुठे पडलीय?"

नातीने चित्र थांबवले. स्टेशनच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटे झाली होती, खांबाची सावली उजवीकडे लांब पडली होती. सकाळची सावली पश्चिमेला. म्हणजे उजवी बाजू पश्चिम, आणि पाठमोरी मुलगी चालली आहे ती दक्षिणेकडे. म्हाताऱ्याने कागद मागितला. मग तो उठला, पट्टा सोडून गुंडाळला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून आला आणि मला कागदावर मांडले. माझा काटा त्या खोलीची उत्तर दाखवत होता. पडद्यातल्या शहराला माझा काही उपयोग नव्हता. पण कागद उडू नये म्हणून का होईना, मी पुन्हा कामावर रुजू झाले.

तेव्हापासून दर आठवड्याला नवा भाग आला की मोजणी होई. नात चित्र थांबवी, तो पडद्यातल्या मुलीची पावले मोजी. दुकानापासून कोपरा बहात्तर पावले. डोंगरावरच्या पायऱ्या एकसष्ट. पुढच्या एका भागात त्याच पायऱ्या अठ्ठावन्न भरल्या, तर तो संतापला. तीन पायऱ्या कुणी नेल्या, म्हणून त्याने दोन दिवस घर डोक्यावर घेतले. नातीला तो आता ओळखत नव्हता. साखळीचे दुसरे टोक धरणारा त्याचा जुना मदतनीस ती, असे त्याला वाटे. "साखळी" म्हणून तो तिला हाक मारी. पहिल्यांदा ती स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. नंतर ओ देऊ लागली.

"साखळी, चित्र काढणारा बसून काढत नाही हे. तो इथून चालून गेलाय. बघ, नळाखाली दगड झिजलाय."

"हो साहेब," ती म्हणे.

नकाशा वाढत गेला. चार कागद एकमेकांना चिकटवले. या बारा आठवड्यांत म्हातारा एकदाही दाराकडे गेला नाही. तो जेवू लागला, झोपू लागला. कुलूप कधी लागे, कधी राहून जाई. केंद्राचा अर्ज आईने भरून ठेवला होता, तो तिने परत खणात टाकला. माझ्या आयुष्यातले ते शेवटचे चांगले दिवस.

बाराव्या भागात मालिका संपली. शेवटी ती मुलगी पूल ओलांडून निघाली आणि चालता चालताच नावांची यादी वर सरकू लागली. ती घरी पोचलेली दाखवलीच नाही. म्हातारा पडद्याकडे बघत राहिला. रेघ उघडीच राहिली होती.

दुसऱ्या आठवड्यात नातीने दुसरी मालिका लावली. त्यात उंच काचेच्या इमारती होत्या. तो म्हणाला, हा आपला तालुका नव्हे. आणि उठून दारापाशी जाऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशी तो कडी खडखडवू लागला. मोजणी बंद करायची आहे, एवढेच म्हणे. आई दारात उभी राहून ते पाहत होती. मग तिने खण उघडून अर्ज बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला.

त्या दुपारी म्हातारा झोपला असताना नातीने नकाशा पसरला. मी कोपऱ्यावर होते. तिने त्याचीच पेन्सिल घेतली, त्याच्यासारखी बारीक, सरळ रेघ ओढली. पुलापासून चाळीस पावले, मग डावीकडे वळण, मग एक चौकोन. चौकोनात तिने तिसऱ्या मजल्यावरचे आपले घर लिहिले. चौकोनापासून घड्याळांच्या दुकानापर्यंत, जिथून पहिली रेघ निघाली होती तिथपर्यंत, शेवटची रेघ नेऊन मिळवली. माणसाला घरात ठेवायचे तर घर नकाशात हवे, असा तिचा साधा हिशेब होता.

तो उठल्यावर तिने दाखवले. "साहेब, मोजणी बंद झाली. हे आपलं घर."

त्याने बोटाने रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवली. मग म्हणाला, "चांगलं काम केलंस, साखळी."

आठ दिवस तो शांत होता. अर्ज परत खणात गेला. कुलूप पुन्हा विसरले जाऊ लागले.

नवव्या दिवशी दुपारी आई कामावर होती. नात आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून नव्या मालिकेचा भाग बघत होती. म्हाताऱ्याने बूट घातले, नकाशाची घडी केली, मला घेतले आणि दार उघडून तो बाहेर पडला. पळून जायला नव्हे. झालेली मोजणी एकदा जागेवर पडताळून पाहायची, हा त्याचा एकतीस वर्षांचा नेम होता. आणि आता घर नकाशात होते, म्हणजे नकाशातले शहर घराबाहेर होते. वॉचमन त्या वेळी पाण्याच्या टँकरवाल्याशी बोलत होता.

नकाशात घरापासून पुलाकडे जाणारी दिशा माझ्यावर वाचून तो सत्तर अंशांवर चालत निघाला. चाळीस पावले झाली, पूल आला नाही. आणखी चाळीस झाली. शेजारून ट्रक जात होते. चार वळणे घेतल्यावर पावाच्या दुकानातल्या बाईने त्याला सावलीत बोलावले, पाणी दिले आणि कुठे जायचे म्हणून विचारले.

त्याने नकाशा दाखवला. "इथे दोन दिव्यांचा पूल पाहिजे."

तिने कागद उलटसुलट केला. "आजोबा, इथे पूलच नाही. नदीच नाही तर पूल कुठला? घरचा नंबर आहे का कुणाचा?"

"मग मोजणी चुकली," तो म्हणाला आणि निघाला. तिने मागून दोन हाका मारल्या. दुकानात गिऱ्हाईक उभे होते.

मित्रांनो, यापुढचे फक्त मला माहीत आहे. चूक झाली की आल्या वाटेने मागे जायचे, हे तो विसरला नव्हता. सत्तरवर गेलास तर परत दोनशे पन्नास. त्याने मला उघडले, आकडे उलटे केले, पावले मोजली. पहिले वळण बरोबर आले. दुसरे बरोबर आले. तिसऱ्यापर्यंत मी त्याला घराकडेच नेत होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण त्या वळणाशी लोखंडी पाइपांचे उघड्यावरचे, बिनफाटकाचे गोदाम होते. दोन्ही अंगांना छपराएवढ्या उंच राशी. येताना तो तिथून मला न उघडता गेला होता.

तो राशींच्या मधोमध थांबला. पट्टा सोडला, नीट गुंडाळला, चार पावले दूर नेऊन जमिनीवर ठेवला. परत आला. एका हाताने विजार धरली आणि मला उघडले. माझा काटा पाइपांकडे वळला. मी ओढले जात होते आणि थांबू शकत नव्हते. त्याला बक्कल आठवले, पाइप दिसले नाहीत. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी दाखवले त्या बाजूला, राशींच्या आत आत, चालत गेला. पुढे भिंत होती. तो परत फिरला, मला वाचले, पुन्हा भिंत. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. मग तो पाइपाला टेकून बसला. गोदामातले काम दोन दिवस बंद होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामगारांना आधी पट्टा सापडला.

आता तो नकाशा बैठकीच्या खोलीत चौकटीत लावला आहे. तो आईने लावला. भेटायला आलेल्या माणसांना ती कोपऱ्यातला चौकोन दाखवते. त्यांना काही आठवत नव्हतं, म्हणते, पण बघा, घर आठवत होतं. स्वतःच्या हातानं काढलंय. शेवटी ते घरीच येत होते. एवढ्यावर ती उभी आहे. नात तेव्हा उठून आत जाते. ती रेघ कुणी ओढली हे तिने सांगितलेले नाही. सांगितले तर आईजवळ काहीच उरणार नाही, आणि न सांगता तिला स्वतःला झोप लागत नाही.

कपाटावर अजून जुनाच तक्ता आहे. नव्या मालिका येतात. कधीतरी ती पहिला भाग लावते. एखादी मुलगी दार ओढून घेते, पायऱ्या उतरते, तारांखालच्या गल्लीत चालू लागते. तेवढ्यावर ती बंद करते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने होकायंत्र असेल तर त्याला कात्री-किल्ल्यांत टाकू नका. त्याला बोलता येत नाही, लोखंड जवळ आहे हे ते सांगू शकत नाही, ते नुसते वळते. आणि घरात वाट विसरलेले माणूस असेल तर त्याला कितीही मायेने खोटा नकाशा काढून देऊ नका. बूट घाला आणि त्याच्याबरोबर खाली उतरा. रस्ता वाईट असला तरी उतरा. चाळीस पावले जा आणि त्याला घेऊन परत या.

आमची मोजणी बंद झाली नाही. निघालो ती खुंटी तिसऱ्या मजल्यावर आहे; तिथे तो परत आला नाही, मी एकटे परत आले, या खणात. कात्री हलली की मी हलते.