माहेरची वाटी

मी वाटी बोलतेय. आमटीची नव्हे, मंगळसूत्रातली. मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक सासरची, एक माहेरची. मी माहेरची. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. जन्मभर शेजारीण सासरची असली की कुणाचाही होईल.

माझा जन्म झाशीचा. शरदिनीचे वडील तिथं रेल्वेत बाबू होते. आपल्या आईची एक पाटली मोडून त्यांनी मला घडवून घेतलं. सोनार मला घडवत होता तेवढा वेळ ते समोरून हलले नाहीत, कारण सोनारावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. माझा संशय तिथूनच आला असावा.

शरदिनीचं सासर काशीत, ब्रह्मा घाटावर. तिचे यजमान नीलकंठशास्त्री पाठशाळेत वेद शिकवतात. लग्नात मी काळ्या मण्यांसोबत तिच्या गळ्यात पडले आणि तिथलीच झाले. मणी गाठवायला द्यायचे असले, तरी आधी हळकुंडाचा दोरा गळ्यात बांधायचा आणि मगच मला उतरवायचं. गळा क्षणभरही मोकळा राहायला नको, नाहीतर नवऱ्याच्या आयुष्याला धोका! माणसं कशाचा कशाशी संबंध जोडतील, काही सांगता येत नाही.

माझी जागा अशी की तिची धडधड मला सगळ्यांच्या आधी कळते. नवऱ्याला बहुतेक कळतच नाही.

मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना एकदा ती थांबली आणि पदराआडून डावी बाजू खाजवली. मी कान टवकारले. पुढं रोजच तसं व्हायला लागलं. अंघोळीच्या वेळी मला दिसायचं, डाव्या स्तनाच्या बोंडाभोवतीची कातडी लाल, खरखरीत झाली होती. खपली धरायची, पडायची, खाली ओल असायची. मला ते अजिबात आवडलं नाही.

गल्लीत डॉक्टर रत्नाकर आहेत. घरातल्या तीन पिढ्यांचे ताप त्यांनीच उतरवले. शरदिनीनं त्यांच्यासमोर पदरावरूनच बोट दाखवलं. त्यांनीही सभ्यपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"वहिनी, ही धातूची ॲलर्जी," ते कॅलेंडरला म्हणाले. "सोन्यात हल्ली काहीही मिसळतात. मंगळसूत्र थोडे दिवस काढून ठेवा आणि हे मलम लावा."

बाहेर बाकावर बसलेल्या शास्त्रीबुवांनी हे ऐकलं. घरी येताना ते म्हणाले, "आमच्याकडची वाटी जुन्या सोन्याची आहे. म्हणजे तुझ्या वडिलांनी दिलेलीच खोटी असणार."

झालं! मी आरोपी ठरले. शेजारीण गप्प. ती कशाला बोलेल?

शरदिनी मला काढायला तयार होईना. मग तोडगा निघाला. मला एकटीला मलमलच्या चिंधीत गुंडाळलं. खात्री करायला नेलं, तर ठठेरी बाजारात सोनारानं दोघींना कसोटीवर घासून सांगितलं, "पंडितजी, दोनों एक जैसी हैं. खरा सोना." शास्त्रीबुवा बाहेर येऊन म्हणाले, "धंदेवाला माणूस. गिऱ्हाइकाला दुखवेल कशाला?" संशयाच्या बाबतीत त्यांचं माझं गोत्र एकच, हे तेव्हा लक्षात आलं.

त्या दिवसापासून शरदिनी विचारेल त्याला सांगायला लागली, "बरं वाटतंय."

तिला मुळीच बरं वाटत नव्हतं. मलमानं चार दिवस दबायचं आणि पुन्हा वर यायचं. आता तर बोंड आत ओढलं जात होतं. पण दुखतंय म्हणावं, तर वारलेल्या वडिलांना फसवे म्हणून ऐकून घ्यावं लागणार. म्हणून ती बरी होती. चिंधीच्या आत माझा जीव गुदमरत होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, काढ मला, फेक मला गंगेत, पण कुणाला तरी नीट बघू दे!

वरच्या मजल्यावर तिची धाकटी जाऊ लतिका राहते. शाळेत शिकवते. मुलांच्या थापा ऐकून तिचे कान तयार झालेले आहेत.

"वहिनी, ब्लाऊज पंच्याखाली का वाळत घालता?"

"उन्हानं रंग जातो गं."

"पांढऱ्या ब्लाऊजचा?"

लतिकानं पंचा उचलला. धुऊनही न गेलेला पिवळट तांबूस डाग तिनं पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. लगेच."

"रत्नाकरभाऊजींना काय वाटेल? घरचा माणूस सोडून परक्याकडे..."

"वाटू दे वाटायचं ते. रामनगरला एक लेडी डॉक्टर बसते. चुपचाप जाऊ. इथं गल्लीत तर शाम तक सबको पता चल जाएगा."

लोणच्याच्या लाल मिरच्या आणायच्या निमित्तानं दोघी नावेत बसल्या. शरदिनीची धडधड मला मोजवेना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलत होत्या. मला त्यांचाही भरवसा वाटला नाही. त्यांनी दाराला कडी घातली. "ब्लाउज पूरा खोलिए. मैं भी औरत हूँ." त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, दाबून पाहिल्या, काखेत चाचपलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी बघत होतं. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"ये क्यों बाँधा है?"

"मायके के सोने से एलर्जी है," शरदिनी खाली मान घालून म्हणाली.

"किसने कहा?"

"घर के डॉक्टर हैं."

"उन्होंने देखा था?"

डॉक्टरीणबाईंनी चिंधी सोडली, मला चिमटीत धरलं आणि डावीकडे खाली जाईल तेवढं ओढलं. मी त्या जागेपासून चार बोटं अलीकडेच थांबले.

"दीदी, ये तो वहाँ पहुँचता ही नहीं."

मी निर्दोष सुटले होते, पण मला कसला आनंद? डॉक्टरीणबाई आता सावकाश बोलत होत्या. साधी खाज मलमानं जाते, बोंड आत ओढत नाही. शक कैंसर का है. तुकडा काढून तपासायला हवा, मोठ्या इस्पितळात, याच आठवड्यात.

शरदिनी मराठीत म्हणाली, "म्हणजे बाबांचं सोनं खरंच होतं." आणि रडायला लागली. "क्या कहा इन्होंने?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तपासणीत तेच निघालं. अजून फार पसरलं नसावं, पण उघडल्याशिवाय खात्री नाही, असं मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. लतिकानं शास्त्रीबुवांना सगळं सांगितलं, मिरच्यांच्या थापेसकट. ते त्या दिवशी पाठशाळेत गेले नाहीत.

आज ऑपरेशन आहे. गळ्यात काही चालत नाही, हळकुंडाचा दोरासुद्धा नाही, असं नर्स म्हणाली. शरदिनीनं स्वतःच्या हातानं मला काढलं. लतिकानं ओंजळ पुढं केली, पण तिनं मला यजमानांपुढं धरलं.

"खिशात नको. गळ्यात घाला."

"मी?"

"हो. तुम्हीच."

अख्खा घाट ज्यांच्या पाया पडतो, त्या शास्त्रीबुवांनी इकडं तिकडं बघितलं आणि मान खाली करून मंगळसूत्र घातलं. मग वरून सदरा सारखा केला.

आता मी त्यांच्या जानव्यात अडकून पडलेय. ही छाती मला नवीन आहे, पण धडधड ओळखीची वाटते. सदऱ्यावरून त्यांनी एक वाटी मुठीत घट्ट धरलीय. ती मीच आहे. कोणती धरलीय हे त्यांना माहीत असेल, याची मला खात्री नाही.

बायांनो, तुमच्या गळ्यातल्या वाटीचं ऐका. दुखलं तर दुखतंय म्हणा. न बघता सांगणाऱ्यावर संशय घ्या, मग तो कितीही घरचा असो.

समोरचं दार अजून बंद आहे. मला परत तिच्या गळ्यात जायचंय. तिथं आता डावी बाजू सपाट असेल, मला ठाऊक आहे. माझं काही म्हणणं नाही. मी तिरकी पडेन.