कोडीवरची मरळ

काळ्या डोहाच्या भोयांत एक रीत होती. वीस मासोळ्यांची एक कोडी सुतळीत ओवून झाली, की गिऱ्हाइकाच्या टोपलीत आणखी एक टाकायची. तिला म्हणायचे वरची. ती मागावी लागत नसे, आणि लहान वरची देणं म्हणजे स्वतःचं नाक स्वतः कापणं. ढिगातली सगळ्यांत मोठी मरळ उचलायची, शेपटीला धरून गिऱ्हाइकाला दाखवायची आणि मग टाकायची. भोई गरीब असला तरी त्याचा हात आखडत नाही, हे त्या एका मासोळीनं गावाला कळायचं. गोजरबाईनं चाळीस वर्षं ही ऐट मिरवली होती. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष तिला दुसऱ्या कुणाला देता आला नसता. तिनं तो दिला मात्र सगळ्यांना, आधी स्वतःला आणि मग उरलेल्यांना.

डोह पूर्णा नदीतला, नांदुऱ्यापासून तीन कोसांवर. उन्हाळ्यात नदीची हाडं उघडी पडली तरी त्यात दोन पुरुष पाणी असे, आणि त्या पाण्यावर भोयांची चौदा घरं जगत. मग एका साली कुठल्या तरी पुलाच्या कामावरून चोरलेली सुरुंगाची दारू कुणा उनाडांनी डोहात टाकली. एका धमाक्यात मासोळी पांढरं पोट वर करून तरंगली. पोरंटोरं टोपल्या भरभरून नेत होती आणि म्हातारे भोई काठावर डोक्याला हात लावून बसले होते. पुढची दोन वर्षं पाऊसही धड झाला नाही. जाळ्यात बोटाएवढ्या मासोळ्या येऊ लागल्या.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. जंगलाचा हुकूम, दारूचा हुकूम, मिठाचा हुकूम, सगळे नागपूरच्या बाजूनं येत. काळ्या डोहातल्या मासोळीचं मात्र कुणा साहेबाला काही पडलं नव्हतं. तेव्हा भोयांनी आपला हुकूम आपणच काढला. वर्षाला तीस कोड्या, त्यावर एकही नाही. मृगापासून पोळ्यापर्यंत जाळं बंद. वितीपेक्षा लहान मासोळी परत पाण्यात. जो हद्द मोडेल त्याचं जाळं वर्षभर पंचांकडे जमा. जमातीचा मुख्य कडूबा, त्याच्या घरात तीस गाठींची अंबाडीची दोरी टांगली. एक कोडी निघाली की एक गाठ सुटायची. दोरी सरळ झाली की जाळी खुंटीवर.

पूर्वी जिथं शंभर कोड्या निघत तिथं तीस. लोकांनी पोटाला चिमटा घेतला, कुणब्यांच्या शेतात निंदण केलं, कापूस वेचला, आणि चार वर्षं हद्द पाळली. कुणी चोरून जाळं टाकलं नाही. तरीही डोह भरेना. मरळीची पिल्लं लालभडक असतात, घोळक्यानं पाण्यावर येतात आणि खाली आईबाप राखण करतात. असा घोळका चार वर्षांत कुणाच्या नजरेला पडला नव्हता. शेवटी कडूबानं सांगून टाकलं, की हा हंगाम शेवटचा. दिवाळीनंतर चौदाही घरं मलकापूरच्या जिनिंगला कामाला जातील, मुकादमाशी बोलणं झालंय.

गोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा नवरा तुळशीराम त्याच जिनिंगला दोन हंगाम गेला होता. रुईचा धुरळा छातीत घेऊन आला आणि खोकून खोकून गेला. तिच्या लेखी डोह सोडणं म्हणजे भोईवाड्यानं आपल्या पायांनी तुळशीरामच्या मागे जाणं होतं. पण डोहात मासोळीच नाही म्हटल्यावर बोलणार काय? भांडायला समोर माणूस तरी लागतो.

माणूस भेटला नांदुऱ्याच्या बाजारात. रहेमतुल्ला मासोळीचा व्यापारी. ओल्या पानांत बांधून तो माल गाडीनं अकोल्याला पाठवायचा. गोजरबाईशी त्याची वीस वर्षांची देवघेव, आणि वीस वर्षांची कुरकुर. त्या दिवशीही तो कुरकुरला, की कोडीतल्या मासोळ्या बारक्या होत चालल्यात. मग तिला वाईट वाटू नये म्हणून त्यानं वरचीचं कौतुक केलं. वरची तो विकत नसे, घरी न्यायचा. परवाची कापली तर अजीजुन्निसा, त्याची बायको, बघतच राहिली. पोटात ओंजळभर गाभोळी, अंडीच अंडी. तळली, दोन वेळा पुरली.

"नेहमीच निघते का हो, रहेमतभाई?" गोजरबाईनं विचारलं.

"चैत-वैशाखात तं नेहमीच. तुमची वरची म्हंजे पोटुशीच समजा."

तो हसला. गोजरबाई हसली नाही. टोपली तिथंच टाकून ती मटकन खाली बसली. रहेमतुल्लाला वाटलं बाईला ऊन लागलं, त्यानं पाणी आणवलं. ते पाणी हातात धरून ती बोटं मोजत होती. कोडीवर एक व्यापाऱ्याची. एक जाळं ओढणाऱ्याची. एक पाटलाची, कारण भोईवाड्यातून सडकेला जायची वाट पाटलाच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून. आणि एक डोहातल्या साती आसरांची. ती दगडावर ठेवायची, हात जोडायचे, आणि मग पंचांनी भाजून खायची. एका कोडीला चार वरच्या, तीस कोड्यांना सहा विसा, म्हणजे आणखी सहा कोड्या. त्यांतली एकही दोरीच्या गाठीत नाही, कारण वरची मोजायची नसते. आणि सगळ्या निवडून काढलेल्या, मोठ्या, पोटात पुढचं साल घेऊन असलेल्या. चार वर्षं भोयांनी लेकरं मोजून मारली होती आणि आया हौसेनं वाटल्या होत्या.

संध्याकाळी तिनं पंच बसवले. बाईनं पंच बसवायची पद्धत नव्हती, पण गोजरबाई ओट्यावर येऊन बोलायलाच लागली, तेव्हा लोक आपसूक जमले. ती म्हणाली, उद्यापासून वरची बंद. व्यापाऱ्याची बंद, जाळेवाल्याची बंद, सगळ्यांची बंद. व्यापाऱ्याचं लोकांनी मान्य केलं. जाळेवाल्याचं जरा कुरकुरत मान्य केलं. आसरांचं नाव निघताच म्हातारे उठून उभे राहिले. देवीचा कोप कोण घेणार अंगावर?

"आसरा राह्यते कोठी?" गोजरबाई म्हणाली. "पाण्यातच ना? मंग तिची मासोळी पाण्याबाहेर काढून तिले काऊन देता? तिची तिच्यापाशीच राहू द्या. दगडावरची कोण खाते ते मले ठाऊक हाय."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि पंचांनी इकडेतिकडे पाहिलं. राहिले भगवानराव पाटील. कडूबा नात्यानं तिचा दीर, वयानं धाकटा, पण जमातीचा भार त्याच्या डोक्यावर. तो हळू आवाजात समजावू लागला, की वयनी, पाटलाची वाट बंद झाली तर वाळूतून दोन कोसांचा वळसा, बाजारात जाईस्तोवर माल नासेल, एका मरळीसाठी पाटलाशी वाकडं कशाला घ्यायचं. गोजरबाईनं त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. एकाची चालू ठेवली की चौघांची चालू होते, म्हणाली, आणि तिच्या हातून तरी एकविसावी मासोळी ओवली जाणार नाही. शेवटी सगळ्यांनी डोहाचं पाणी ओंजळीत घेऊन कबूल केलं. कडूबानंही घेतलं. त्याच्या बोटांतून बरंच गळून गेलं, पण घेतलं.

आठ दिवसांतच पाटलांकडे व्याही आले आणि एका कोडीचा निरोप आला. गोजरबाईनं वीस मरळी ओवल्या आणि स्वतः घेऊन गेली. कडूबा सोबत आला, खांद्यावर ओलं घोंगडं टाकून. ऊन फार आहे, म्हणाला.

भगवानराव माणूस दुष्ट नव्हते. दुष्काळात त्यांनी भोयांना ज्वारी दिली होती, आणि ती दिल्याचं ते कधी विसरले नव्हते, इतकंच. ओसरीवर तक्क्याला टेकून ते व्याह्यांना सांगत होते, की आमचे भोई कोडीवर अशी मरळ देतात की पाहत राहावं. गोजरबाईनं माळ अंगणात ठेवली. पाटलांनी मान उंच करून माळेच्या पलीकडे पाहिलं आणि विचारलं, "वरची कोठी हाय?"

"डोहात हाय, पाटील."

पाटलांना वाटलं बाई थट्टा करते. ते व्याह्यांकडे पाहून हसले. मग गोजरबाईनं सगळं सांगितलं, गाभोळीचं, सहा विसांचं, भोयांच्या कबुलीचं. पाटलांचं हसू हळूहळू मावळलं. पाहुण्यांसमोर मान जात होता, तोही भोइणीच्या तोंडून. त्यांनी एवढंच म्हटलं, की आजवर ह्या अंगणात कुणी हात आखडता घेतला नाही. आवाज चढवलाही नाही. पण कडूबाला तेवढं पुरलं. त्यानं खांद्यावरचं घोंगडं खाली घेतलं, उलगडलं आणि आतली हातभर मरळ पाटलांच्या पायरीवर ठेवली.

गोजरबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. पाणी हातात घेतलेला माणूस. तिला संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली, कडूबाची आणि सगळ्या भोईवाड्याची. अंगणाच्या कडेला मोलकरणीची विळी पडली होती. कुणी काही म्हणायच्या आत तिनं ती ओढली, पायाखाली धरली आणि मरळीचं पोट फाडलं. पिवळीधमक गाभोळी तिच्या तळहातावर आली. ती हात पुढे करून पायरीशी उभी राहिली.

"मोजा, पाटील."

पाटील तक्क्यावरून सावरून बसले.

"तुमी पेरणीचं बी ओसरीवर पाहुण्याले वाटत नाई. कणगीले हात लावला तं पोटच्या पोरालेबी हाणता. हे आमचं बी हाय. वाट बंद करा, ज्वारी नका देऊ, काईबी करा. वरची आता कोणालेच नाई."

भगवानरावांनी दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. भोयाचं पाऊल पडलं तर कुत्रं सोडीन, असा निरोपही धाडला.

त्याच सांजेला भोईवाडा ओट्यापाशी जमला. गोजरबाईनं मनाची तयारी केली होती. वाट गेली ती तिच्यामुळे, आता तिला वाळीत टाकतील. टाकू देत. ती म्हणाली, की काय ठरवायचं ते ठरवा, मला जिनिंगला येणं नाही आणि पाटलाकडे नाक घासायला जाणं नाही. मी एकटी डोहावर बसेन आणि तुमच्यातल्या प्रत्येकाची मासोळी मोजेन. लोक कडूबाकडे पाहू लागले. तो उठून घरात गेला आणि आपलं जाळं खांद्यावर घेऊन आला. बापाच्या हातचं विणलेलं, शिशाच्या गोळ्यांचं, वाड्यातलं सगळ्यांत मोठं जाळं. ते त्यानं पंचांपुढे टाकलं.

"हद्दीबाहेरची मरळ म्या धरली," तो म्हणाला. "वर्षभर जमा करा. अन् मुकादमाले सांगा, आमी नाई येत."

त्यानं बाही डोळ्यांना लावली. गोजरबाईलाही राहवलं नाही. तिनं पदरानं डोळे पुसले आणि वर त्यालाच दटावलं, की रडायचं तर घरी जाऊन रड, पहाटे निघायचंय.

चौदाही घरांच्या टोपल्या वाळूतून दोन कोसांचा वळसा घालून नांदुऱ्याला जाऊ लागल्या. वाळू तापायच्या आत बाजार गाठायचा म्हणून बायका पहाटेची चांदणी उगवायच्या सुमारास निघत. पाटलांच्या मळ्यासमोरून नदीतून जाताना कुणी त्या बाजूला मान वळवत नसे. रहेमतुल्लानं दोन दिवस तोंड वाकडं केलं. मग वीस म्हणजे वीस, असं स्वतःच गिऱ्हाइकांना ठणकावून सांगू लागला. अजीजुन्निसा मात्र गाभोळीवाचून पुष्कळ दिवस रुसली होती म्हणतात. गाठी सुटत सुटत तीस झाल्या आणि मृगाआधीच जाळी खुंटीला लागली. त्या दिवाळीनंतर जिनिंगला एकही घर गेलं नाही.

दुसऱ्या साली पोळ्याच्या आधी डोहाच्या काठाशी, लव्हाळ्यात, लाल पिल्लांचा घोळका दिसला. भोईवाडा लोटला पाहायला. कडूबा गुडघाभर पाण्यात उभा राहून पोरांना लांब हाकलत होता. बातमी पाटलांकडेही गेली असावी, कारण धुऱ्यावरच्या काट्या एका सकाळी दिसेनाशा झाल्या. कुणी काढल्या ते कुणी विचारलं नाही.

पोळ्यानंतर जाळी उतरली त्या दिवशी पाटलांचा गडी मोतीराम डोहावर आला. मालकांना एक कोडी पाहिजे, म्हणाला, आणि वाट मोकळी आहे असं मालकांनी सांगितलंय. गोजरबाईनं बरं म्हटलं. त्याच्यासमोर एकेक मरळ मोजत तिनं सुतळीत ओवली. वीस झाल्या तशी गाठ मारून माळ त्याच्या टोपलीत ठेवली. शेजारच्या ढिगात एक हातभर मरळ शेपटी आपटत होती. तिनं ती उचलली. मोतीरामनं टोपली पुढे केली. गोजरबाईनं मरळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडली, हात पदराला पुसले आणि पुढची कोडी ओवायला घेतली.